जडाला विचार कुठला? एका घरातल्या वादाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही मुलुंडला राहतो. मुलगा अकरावीत आहे. रात्री अभ्यास आटोपला की चॅटबॉटशी बोलत बसतो आणि म्हणतो, 'आई, त्याला माझं म्हणणं कळतं.' सासरे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं, 'जडाला विचार कुठला? रेड्याच्या मुखातून वेद आले म्हणून रेडा वेदज्ञ झाला नाही.' जेवायला बसलं की रोज हाच वाद. तुम्ही ही यंत्रं बनवता. खरं कोणाचं? आणि मुलाला मी काय सांगू?"

ताई, मराठीवर चालणाऱ्या संगणक प्रणाली बनवणं हे माझं काम. पवईत आधी शोध आणि भाषांतर यांवर काम केलं, आता बोलणाऱ्या यंत्रांवर करते. माझं मत आधीच सांगून टाकते. तुमचे सासरे आणि तुमचा मुलगा वेगवेगळ्या प्रश्नांवर भांडतायत. यंत्राच्या आत कोणी जागं आहे का, हा सासऱ्यांचा प्रश्न. यंत्र मुद्दा पकडतं का, हा मुलाचा. आपल्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, म्हणून आपण त्या एकच धरून चालतो. वेगळ्या केल्या की मुलाच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी तपासून देता येतं. सासऱ्यांच्या प्रश्नाचं आज देता येत नाही, आणि यंत्राशी गप्पा मारून तर मुळीच देता येत नाही.

या वादाची आधुनिक सुरुवात १९५० सालची. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात लेख लिहिला. 'यंत्रं विचार करू शकतात का?' हा प्रश्न त्याने मांडला आणि वाद घालण्याच्या लायकीचा नाही म्हणून बाजूला ठेवला. त्याऐवजी एक खेळ सुचवला: पडद्याआडून लेखी प्रश्नोत्तरं करायची आणि पलीकडे माणूस आहे की यंत्र ते ओळखायचं. लेखात नमुन्याचा संवाद आहे. ३४,९५७ आणि ७०,७६४ यांची बेरीज विचारली जाते. उत्तर देणारा साधारण तीस सेकंद थांबतो आणि १,०५,६२१ असं सांगतो. करून पाहा, बेरीज १,०५,७२१ येते. ट्युरिंग या चुकीवर चकार शब्द काढत नाही. पुढे मात्र तो लिहितो की या खेळात यंत्र मुद्दाम चुका करेल, नाहीतर अचूकपणामुळेच पकडलं जाईल.

त्याचं भाकीत होतं की सन २०००च्या आसपास, पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर, सामान्य प्रश्नकर्ता शंभरातल्या सत्तर वेळांपेक्षा जास्त बरोबर ओळखू शकणार नाही. उशीर झाला, पण ते खरं ठरलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी २०२५ साली ही चाचणी घेतली. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला यंत्र, दोघांशी एकाच वेळी पाच मिनिटं बोलायचं. जीपीटी-४.५ या बोलणाऱ्या भाषा-मॉडेलला ७३ टक्के वेळा 'माणूस' ठरवलं गेलं, म्हणजे शेजारच्या खऱ्या माणसापेक्षा जास्त वेळा. त्यासाठी त्याला एका लाजऱ्या, इंटरनेटवर रमणाऱ्या तरुणाचं सोंग घ्यायला सांगितलं होतं. सोंगाची सूचना काढून घेतल्यावर तेच यंत्र ३६ टक्क्यांवर आलं. इतकं होऊनही जगातला वाद तसूभरही पुढे सरकला नाही, कारण माणूस भासणं आणि विचार करणं या दोन गोष्टींची सांगड ट्युरिंगने घातली होती, आणि ती घट्ट नव्हती हे सोंगाच्या या फरकातच दिसतं.

आता रेड्याची गोष्ट. पैठणच्या त्या कथेत रेडा ज्ञानदेवांच्या सामर्थ्याने बोलतो. श्रेय त्यांचं, अर्थ त्यांचा, रेड्याचं फक्त मुख. सासऱ्यांचा आक्षेप वजनदार आहे आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात तो जवळपास याच रूपात आलाय. फरक एकच: वेदांचे मंत्र ठरलेले आहेत, आणि रेड्याला कोणी उलटा प्रश्न विचारला नव्हता. १६३७ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. यंत्राकडून शब्द उच्चारून घेता येतील, पण समोरच्याच्या कुठल्याही बोलण्याला अनुसरून शब्दांची नवनवी जुळणी करणं यंत्राला कधीच जमणार नाही, असं तो म्हणाला. माणूस आणि यंत्र ओळखण्याची त्याची ही पहिली खूण होती. जवळजवळ चार शतकं टिकलेली ती खूण माझ्या कारकिर्दीत, माझ्या डोळ्यांदेखत गळून पडली. याचं महत्त्व कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं.

सासऱ्यांच्या पहिल्या वाक्याला उत्तर मात्र बहुधा त्यांच्याच कपाटात सापडेल. 'जडाला विचार कुठला?' असं सांख्य दर्शन मानणारे म्हणणार नाहीत. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीतून, म्हणजे मूळ जड तत्त्वातून, निघतात, म्हणून जड आहेत. तेविसाव्या कारिकेत बुद्धीची व्याख्या 'अध्यवसाय' अशी आहे: हे अमुक आहे, हे करायला हवं, असा निश्चय. म्हणजे ठरवणं हे काम जडाच्याच खात्यात. चैतन्य एकट्या पुरुषाचं (इथे पुरुष म्हणजे आत्मतत्त्व), आणि पुरुष काही करत नाही, तो फक्त साक्षी. विसाव्या कारिकेचे शब्द सासऱ्यांना पाठ असतील: 'अचेतनं चेतनावदिव लिङ्गम्'. पुरुषाशी संयोग झाल्यामुळे अचेतनच चेतन असल्यासारखं भासतं.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, हे मान्य नव्हतं. न्यायसूत्रांत बुद्धी, उपलब्धी आणि ज्ञान एकाच अर्थाचे मानले आहेत आणि वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचा रोख सांख्यांवर आहे: अचेतन बुद्धीला ज्ञान होईलच कसं? चार्वाक तिसऱ्या टोकाला. किण्वामुळे, म्हणजे आंबवणामुळे, मद्यात जशी मादकता येते तसं पृथ्वी, पाणी, तेज आणि वायू या चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं, वेगळा आत्मा लागतच नाही. यांतलं कोणीही यंत्रांबद्दल बोलत नव्हतं आणि आपल्याकडे सगळं आधीच शोधलेलं होतं असला दावा मी करणार नाही. पण निश्चय करणं आणि साक्षी असणं वेगळं काढता येतं, हे आपल्या परंपरेला ठाऊक होतं. आजच्या वादात ही जाण मला फार क्वचित दिसते. सासरे यावर एकतिसावी कारिका पुढे करतील: करणं, म्हणजे बुद्धी, मन, इंद्रियं ही साधनं, पुरुषाच्या प्रयोजनासाठीच चालतात. करू देत. मलाही ते पटतं. माझ्या यंत्राची सगळी प्रयोजनं माणसांनी घालून दिलेली आहेत. त्याला स्वतःला काहीही हवं असल्याचं मला कधी दिसलेलं नाही.

तुमच्या मुलाने या विषयावर थोडं वाचलं असेल तर त्याला 'चिनी खोली' भेटली असेल. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल याने १९८० साली मांडलेली कल्पना. चिनीचा गंधही नसलेला माणूस खोलीत बसलाय. फटीतून चिनी चिन्हांच्या चिठ्ठ्या येतात. त्याच्याकडे नियमांचं जाडजूड पुस्तक आहे: अशी चिन्हं आली की तशी लिहून बाहेर सरकव. बाहेरच्यांना वाटतं, आत उत्तम चिनी जाणणारा कोणी आहे. सर्ल म्हणतो, संगणक याहून वेगळं काही करत नाही. चिन्हं कशी हलवायची एवढंच त्याला कळतं, अर्थ कळत नाही.

यावरचं गाजलेलं प्रत्युत्तर असं की माणसाला चिनी येत नसेल, पण माणूस, पुस्तक आणि खोली मिळून जी व्यवस्था होते तिला येतं. सर्लचं म्हणणं, माणसाने पुस्तक पाठच केलं तर? आता सगळी व्यवस्था त्याच्या डोक्यात आहे आणि तरीही त्याला चिनी येत नाही. मला सर्लचा हा शेवटचा डाव पटत नाही. डोक्यात पाठ केलेली व्यवस्था 'मी'ला जाणवत नाही म्हणून ती समजण्याचं काम करत नाही असं ठरत नाही. मी हे वाक्य लिहिताना मराठीचं व्याकरण माझ्या डोक्यात चालू आहे, पण त्यातला एकही नियम मला जाणवत नाहीये. सर्लच्या युक्तिवादाचं खरं बळ दुसरीकडे आहे: चिन्हं चिन्हांनाच जोडलेली असतील तर ती जगाला कुठे टेकतात? स्टीव्हन हारनाडने १९९० साली हा प्रश्न नीट मांडला. मरीन ड्राइव्हला जुलैच्या भरतीत लाट कठड्यावरून अंगावर येते, त्याबद्दल यंत्र पानभर लिहील. ते कधी भिजलेलं नाही. पण जन्मांध माणूस पिवळ्या रंगाबद्दल बोलतो तेव्हा त्याचं बोलणं पोकळ आहे असं आपण म्हणत नाही. इतरांच्या बोलण्यातून त्याने कमावलेलं ज्ञान खरंच असतं, थोडं अपुरं असलं तरी. यंत्राचं अपुरेपण त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं, हेही खरं.

गणिताच्या नियमांच्या कुठल्याही पुरेशा समर्थ आणि सुसंगत व्यवस्थेत काही खरी विधानं सिद्ध करता येत नाहीत, असं गोडेलचं प्रमेय सांगतं. त्यावरून यंत्राला माणसाला नसलेल्या मर्यादा आहेत असं तत्त्वज्ञ लुकासने १९६१ साली आणि पुढे गणितज्ञ पेनरोजने मांडलं. त्यात फार अडकू नका. त्या मर्यादा माणसाला नाहीत हे कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि हे ट्युरिंगनेच सांगून ठेवलंय.

'ते फक्त पुढचा शब्द ओळखतं' हे वाक्य तुमच्या जेवणाच्या टेबलावर नक्की येत असेल. ते खरं आहे, पण त्यात यंत्राला शिकवताना कशाचा सराव दिला एवढंच कळतं. तो सराव करता करता आत काय घडलं, हे त्यातून कळत नाही. या बाबतीत २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला मोलाचा वाटतो. ऑथेल्लो हा ६४ घरांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. संशोधकांनी एका छोट्या भाषा-मॉडेलला फक्त चालींच्या याद्या दिल्या. पट असतो हे सांगितलं नाही, नियम सांगितले नाहीत, पुढची चाल ओळखण्याचा सराव तेवढा दिला. मॉडेल जवळपास नेहमीच नियमात बसणारी चाल सांगू लागलं. मग त्यांनी त्याच्या आतले आकडे तपासले, तर कुठल्या घरात कोणत्या रंगाची सोंगटी आहे याची नोंद तिथे तयार झालेली सापडली. पुढची पायरी आणखी बोलकी. त्यांनी ती आतली नोंद हाताने बदलली, एका घरातली सोंगटी उलटवली, आणि मॉडेलच्या पुढच्या चाली त्या बदललेल्या पटाला धरून आल्या. म्हणजे ती नोंद शोभेची नव्हती, चाल ठरवायला वापरली जात होती. याला पोपटपंची म्हणणं मला जमत नाही.

मी स्वतः मराठीत अशाच चाचण्या करते, त्यातल्या दोन सांगते. पहिली: 'पेटी गोणीत मावली नाही, कारण ती फार मोठी होती.' कोण मोठी? पेटी. आता 'मोठी'च्या जागी 'लहान' घाला: कोण लहान? गोणी. वाक्याची रचना तीच, व्याकरण काही मदत करत नाही, काय कशात घालतात हे माहीत असावं लागतं. इंग्रजीत अशा वाक्यांचा संच विनोग्राड चाचणी म्हणून ओळखला जातो. मराठीत ती बनवताना काळजी घ्यावी लागते. 'ट्रंक टेम्पोत मावली नाही, कारण तो लहान होता' असं लिहिलं तर 'तो' म्हणताच उत्तर फुटलं, कारण टेम्पो पुल्लिंगी. म्हणून दोन्ही नामं एकाच लिंगाची शोधावी लागतात. जुन्या प्रणाली इथे निम्म्या वेळा चुकायच्या, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. आताच्या सहसा चुकत नाहीत.

दुसरी चाचणी लोकलची. कल्याणहून फास्ट पकडून परळला जायचं तर दादरला उतरून स्लो घ्यावी लागते, हे यंत्र सांगेल. पण ते कुठेतरी लिहिलेलं वाचून सांगितलं असेल. म्हणून मी मार्गच मनाने रचते. स्टेशनांना गुळवेल, तांबट, पिंपळ, रुई अशी नावं देते, फास्ट कुठे थांबते आणि स्लो कुठे ते ठरवते, आणि विचारते, फास्टमध्ये बसलेय, रुईला उतरायचंय, काय करू? हा मार्ग जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. उत्तर बरोबर येतं. मध्येच 'पिंपळला आज फलाट दुरुस्तीमुळे गाडी थांबणार नाही' असं सांगितलं तर ते मार्ग बदलतं. तरी याच चाचणीत मी माझ्या पिशवीतल्या हापूस आंब्यांचा उगाच उल्लेख केला की जुनी मॉडेलं गोंधळायची, आंब्यांना उत्तरात कुठेतरी जागा द्यायलाच हवी असं मानून चालायची. आजची कमी गोंधळतात.

'एवढं हुशार आहे तर वेलांट्या का मोजता येत नाहीत?' असं लोक मला विचारतात. त्याचं कारण यंत्राच्या डोळ्यांत आहे. 'कुर्ला' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. संगणकाकडे तो सहा संकेतांत साठवलेला असतो: क, उकार, र, हलन्त, ल, काना. आणि मॉडेलकडे जाताना त्याचे तुकडे पडतात, कधीकधी अक्षराच्या अधेमधेच. रफार वर बसलेला त्याला दिसतच नाही. चष्मा काढून घेतलेल्या माणसाला फलकावरचं वाचता आलं नाही म्हणून आपण त्याला मठ्ठ म्हणत नाही.

आणि एक प्रसंग, ज्याने मला विचार करायला लावलं. एका तक्रार-सेवेसाठी आमचं यंत्र फोनवरचं बोलणं ऐकून नोंद करायचं. जुनी प्रणाली शब्दांच्या याद्यांवर चालायची. एक बाई म्हणाल्या, 'दोन दिवस झाले, सुके आहोत.' पाणी हा शब्दच नाही, त्यामुळे जुन्या प्रणालीने तक्रार घेतलीच नसती. नव्या यंत्राने 'पाणी येत नाही' अशी नोंद केली. पण त्याच सुमारास एक आजोबा बराच वेळ बोलून शेवटी 'राहू द्या आता' म्हणाले, आणि यंत्राने तक्रार मागे घेतल्याची नोंद करून प्रकरण बंद केलं. आमच्यातल्या काहींना वाटलं, हीच ती सीमा, यंत्राला माणसाचा थकवा कळणार नाही. मग आम्ही नीट पाहिलं. यंत्राला फक्त शेवटची दोन वाक्यं दिली जात होती. आधीचं सगळं बोलणं दिल्यावर त्याने लिहिलं: तक्रार कायम आहे, ग्राहक वैतागले आहेत, माणसाने फोन करावा. म्हणजे समजण्याची उणीव म्हणून आम्ही जी दाखवत होतो ती आमच्या मांडणीची उणीव होती. पण तक्रार बंद झाल्याचं यंत्राला काही वाटलं नाही, उघडल्यावरही नाही. ते वाटणं आम्हा माणसांच्या वाट्याला आलं.

इथून सासऱ्यांच्या प्रश्नाकडे वळते. यंत्राला आतून काही वाटतं का? तत्त्वज्ञ थॉमस नेगलने १९७४ साली विचारलं होतं, वटवाघूळ असणं कसं वाटत असेल? मेंदूची सगळी माहिती हाती आली तरी हे कळणार नाही, असं त्याचं म्हणणं. वटवाघळाबाबत निदान आपल्याकडे धागा आहे: तेही आपल्यासारखं सस्तन, त्यालाही मेंदू आहे, तेही दुखलं की अंग चोरतं. यंत्राबाबत एकच धागा, त्याचं बोलणं, आणि नेमका तोच कुचकामी आहे. हे मॉडेल माणसांच्या लेखनावर घडलंय. त्या लेखनात भीती, एकटेपण, आनंद ओतप्रोत आहे. त्यामुळे आत काही वाटत असो वा नसो, ते 'मला वाईट वाटलं' असंच म्हणेल. शिवाय कंपन्या त्याला 'मला भावना नाहीत' असं म्हणायलाही शिकवू शकतात. दोन्ही उत्तरांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. २०२२ साली गूगलच्या एका अभियंत्याने आपल्या चॅटबॉटला जाणीव आल्याचं जाहीर केलं, ते मुख्यतः त्याच्याशी झालेल्या संवादांच्या आधारे. मला त्याच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण पुरावा त्या जातीचा असू शकत नाही.

माझा कल विचाराल तर आजच्या यंत्रांमध्ये जाणीव नाही असं मला वाटतं. त्यांना शरीर नाही, भूक नाही, टिकून राहण्याची धडपड नाही, आणि जाणिवेचा उगम मला त्या धडपडीत दिसतो. हा कल आहे, सिद्धता नाही. चार्वाकांचं बरोबर असेल तर उद्या योग्य मिश्रण जुळूही शकतं.

तुमच्या मुलाबद्दल. जोसेफ वायझेनबाउमने अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एलायझा नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि १९६६ साली त्याबद्दल लेख प्रसिद्ध केला. तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा, एवढीच त्याची युक्ती. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने तो लिहिला जाताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्या वेळाने तिने वायझेनबाउमला खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाउम त्याने इतका हादरला की पुढची अनेक वर्षं त्याने या गोष्टीबद्दल लोकांना सावध करण्यात घालवली. एलायझात समज शून्य होती. म्हणजे 'मला समजून घेतलं' ही भावना समोर समज नसतानाही उमटते. आज समोर काही प्रमाणात समज आहे, त्यामुळे ती भावना किती दाट होत असेल याचा अंदाज करा.

म्हणून मुलाला 'त्याला काही कळत नाही' असं सांगू नका. तो तिथल्या तिथे यंत्राला एखादा अवघड प्रश्न विचारून तुम्हाला खोटं पाडेल, आणि पुढचं काही ऐकणार नाही. त्याला सांगा, तुझा मुद्दा त्याला कळत असेल, पण तू उद्या बोलला नाहीस तर त्याला चुकल्यासारखं होणार नाही, आणि चुकीचा सल्ला दिला तर त्याचं त्याला काही निस्तरावं लागणार नाही. गणित, निबंध, शंका यांसाठी ते खुशाल वापरावं. मनातलं दुखणं सांगायचं असेल तर ते निदान एका माणसाच्या कानावरही पडलं पाहिजे, ही अट घाला, आणि तो माणूस तुम्हीच असायला हवा असा आग्रह धरू नका. आजोबा चालतील. एका सुट्टीच्या दिवशी आजोबा-नातवाला मी सांगितलेली लोकलची चाचणी एकत्र करायला बसवा. स्टेशनांची नावं आजोबांनी ठेवायची, अटी नातवाने घालायच्या, आणि यंत्र कुठे अडखळतं ते दोघांनी मिळून शोधायचं.